बोअरमध्ये सोडण्याआधी सपाट केबलची पारख

सबमर्सिबल मोटारीची केबल दुकानात पारखली जाते ती कोरडी, गार आणि सरळ. गिऱ्हाईक गुंडाळी हातात तोलतं, नखानं दाबून बघतं, एखादा जाणता टोक सोलून तांबं किती लाल आहे ते पाहतो आणि मग भावावर घासाघीस सुरू होते. पुढची काही वर्षं मात्र त्या केबलला पाण्यात बुडून राहायचं असतं, बोअरच्या तोंडापासून स्टार्टरपर्यंत वैशाखाचं ऊन खायचं असतं आणि केसिंगच्या काठावर वाकून लटकायचं असतं. म्हणून तिच्या इन्सुलेशनची परीक्षा घ्यायची तर भिजवून, तापवून आणि वाकवून घ्यावी. प्रत्येक वेळी आधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे वहीत लिहावेत. एकटा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावर विसंबून केबल खाली सोडू नये.

पुढची कृती तीन कोरच्या, तांब्याच्या सपाट केबलची आहे. एखादा मोटार वायंडर, पाणीवापर संस्थेची खरेदी बघणारा माणूस किंवा चार-पाच बोअरची केबल एकदम घेणारा बागायतदार ती करू शकेल. एकाच बोअरसाठी सगळं करत बसू नये. पहिल्या तीन पायऱ्या आणि ताणाची चाचणी एवढं पुरे.

साहित्य फार नाही. ज्या दोन-तीन केबलींतून निवड करायची त्यांची प्रत्येकी १०० मीटरची गुंडाळी, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र), प्लास्टिकचं मोठं पिंप, थर्मामीटर, व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर, नवं ब्लेड, भिंग, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा, एक बादली आणि मार्कर पेन. पिंप प्लास्टिकचंच घ्या, म्हणजे पाण्याशी विजेची जोडणी फक्त तुम्ही सोडलेल्या उघड्या तारेतून होईल.

पहिली पायरी : केबल कुठे राहणार ते लिहून काढा

बोअरची खोली, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, मोटारीचे एचपी, रात्रीच्या लाइटला व्होल्टेज किती खाली जातं आणि जमिनीवर केबलचा किती भाग उघड्यावर पडणार, एवढं लिहा. दर १० मीटर पाण्यामागे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. १०० मीटर बुडलेल्या केबलवर तो दहा किलो होतो. भरीव प्लास्टिकचं त्यानं फारसं बिघडत नाही. पण आत पोकळी, फट किंवा टाचणीएवढं छिद्र असेल तर हा दाब पाणी तिथे ढकलतो.

तापायचा भाग खाली नसतो, वर असतो. पाण्यातली केबल पाणीच गार ठेवतं. उरलेली केबल खांबाला वेटोळं करून टांगायची आपल्याकडे फार सवय आहे. त्या वेटोळ्यातल्या आतल्या फेऱ्यांना उष्णता बाहेर टाकायला वाट नसते, वरून ऊन असतं, आणि कमी व्होल्टेजवर मोटार जास्त अँपिअर ओढते. इन्सुलेशनची तापमर्यादा ओलांडली जाते ती इथे. हे वेटोळं तुम्ही टाळणार नसाल, तर निवड करताना ते हिशेबात धरा.

केबल सपाट का करतात, तेही ध्यानात असू द्या. पंप आणि केसिंग यांच्यामध्ये जागा फार थोडी असते, आणि गोल केबलपेक्षा चपटी केबल तिथून सुखानं उतरते. त्याची किंमतही मोजावी लागते. तिन्ही कोर एका ओळीत असल्यामुळे केबल आडवी वाकते, पण कडेवर वाकवली की बाहेरच्या कोरवर सगळा ताण येतो. कडेच्या दोन कोरना झाकणारी शीथ, म्हणजे वरचं आवरणही, त्या वळणाशीच पातळ राहण्याची शक्यता असते.

दुसरी पायरी : छापलेलं वाचा

पीव्हीसी केबलवर आयएस ६९४ हा मानक क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. तो बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते कळतं. याला दोन मिनिटं लागतात, तरीही फार थोडे लोक ते करतात. १९९० च्या आवृत्तीप्रमाणे ११०० व्होल्ट छापलेलं असे, २०१० च्या आवृत्तीत ४५०/७५० व्होल्ट आहे. आकडा लहान दिसला म्हणून नवी केबल कच्ची समजू नये. ४५० म्हणजे तार आणि जमीन यांच्यातला दाब, ७५० म्हणजे तारातारांतला.

इन्सुलेशनच्या पीव्हीसीचे प्रकार आयएस ५८३१ मध्ये दिलेले आहेत. नेहमीचा टाइप ए, तारेचं तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असा. टाइप सी उष्णता सोसणारा, ८५ अंशांचा. एक्सएलपीई म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून घेतलेलं पॉलिथिन. ते ९० अंशांपर्यंत चालतं. शॉर्ट सर्किटच्या क्षणी पीव्हीसीची मर्यादा १६० अंश धरतात, एक्सएलपीईची २५०. दुकानदाराला ‘हीट रेझिस्टंट आहे का?’ असं विचारू नका, हो म्हणेल. टाइप कोणता ते विचारा आणि कंपनीच्या चाचणी अहवालाची प्रत मागा.

तिसरी पायरी : कापा आणि भिंगातून बघा

नव्या ब्लेडनं केबल काटकोनात, एका झटक्यात कापा. बोथट पात्यानं तांबं चेपतं आणि जाडी खोटी दिसते. भिंगातून तीन गोष्टी बघायच्या. तांबं इन्सुलेशनच्या बरोबर मध्यभागी आहे का? कापलेल्या जागी बुडबुडे किंवा वेगळ्या रंगाचे कण आहेत का? शीथ आणि कोर यांच्यामध्ये किती पोकळी आहे?

जाडी सगळ्यांत पातळ जागी मोजा, सरासरी काढू नका. मानकाचा नियम असा : कुठल्याही एका बिंदूवर इन्सुलेशनची जाडी ठरलेल्या जाडीपेक्षा फार तर तिच्या दहा टक्के अधिक ०.१ मिलिमीटर एवढीच कमी चालेल. म्हणजे ठरलेली जाडी १ मिलिमीटर असेल, तर पातळात पातळ जागी ०.८ हवी. एका बाजूला १.३ आणि दुसऱ्या बाजूला ०.६ असलेल्या केबलची सरासरी छान येते, पण खाली जळायची ती ०.६ च्याच बाजूनं.

मग हातभर शीथ सोला. ती कोरपासून सरळ सुटली पाहिजे. चिकटून बसली असेल तर जोड करताना शीथबरोबर कोरचंही साल निघेल. अशी केबल बाकी कशीही असली तरी मी बाजूला ठेवतो, कारण शेतावर जोड करणारा माणूस घाईत असतो आणि त्याच्या हातात बहुधा कटर नसतो, नुसतं पातंच असतं.

चौथी पायरी : माल कोणता ते ओळखा

कोरचा बोटभर तुकडा घ्या, तांबं काढून टाका आणि नळी उभी चिरून पाण्यात सोडा. पॉलिथिन आणि एक्सएलपीई तरंगतात, पीव्हीसी बुडतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून बुडणाराही तुकडा तरंगतो.

बुडालं तर खात्रीसाठी तांब्याची तार लाल तापवा, तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली म्हणजे क्लोरीन आहे, माल पीव्हीसी. हे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, गव्हाच्या दाण्याएवढ्या कपट्यावरच करा; धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं.

तरंगलं तर ते साधं पॉलिथिन की एक्सएलपीई, हा प्रश्न उरतो. कपटा जुन्या तव्यावर फॉइल ठेवून तापवा. साधं पॉलिथिन वितळून पसरतं. एक्सएलपीई रबरासारखं लुसलुशीत होतं, पण आकार सोडत नाही. प्रयोगशाळेत याचीच पक्की चाचणी होते. २०० अंशांच्या भट्टीत, दर चौरस सेंटिमीटरला २० न्यूटन एवढं वजन टांगून, १५ मिनिटं. तेवढ्यात लांबी १७५ टक्क्यांहून जास्त वाढू नये आणि वजन काढून गार झाल्यावर कायमचा ताण १५ टक्क्यांपेक्षा अधिक उरू नये. साखळ्या जोडण्याचं काम कारखान्यात अर्धवट झालं असेल तर ते इथे उघडं पडतं.

पीव्हीसीच्या बाबतीत आणखी एक सोपी गोष्ट करता येते, आणि ती मला फार आवडते : घनता. तुकड्याचं कोरडं वजन घ्या, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून वजन घ्या. कोरड्या वजनाला दोन्हींतल्या फरकानं भागलं की घनता मिळते. पीव्हीसीचं राळ १.४ च्या आसपास असतं. ते मऊ करायला घातलेलं तेलकट द्रव्य, ज्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात, पाण्याइतकंच हलकं असतं. आणि भर म्हणून घातलेली खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, २.७ ची. खडू सगळेच घालतात, त्यात लबाडी नाही. पण एकाच मापाच्या दोन केबलींत एकीची घनता ठळकपणे जास्त आली, तर तिच्यात खडू सढळ हातानं पडलाय. खडू वाढला की ताण सोसण्याची ताकद कमी होते. गुंडाळी हातात जड लागली म्हणजे तांबं भरपूर, हा दुकानातला समज त्यामुळे नेहमी खरा ठरत नाही.

पाचवी पायरी : ताणून बघा

टाइप ए पीव्हीसीनं दर चौरस मिलिमीटरला किमान १२.५ न्यूटन ताण सोसावा आणि तुटेपर्यंत किमान १५० टक्के लांबावं, असं मानक सांगतं. एक्सएलपीईला ताण तेवढाच, लांबणं २०० टक्के. हे अंगणात जमतं. समजा, तांब्याच्या जुडीचा व्यास २ मिलिमीटर आणि इन्सुलेशन १ मिलिमीटर जाड. मग नळीचा बाहेरचा व्यास ४ झाला आणि कापलेल्या भागाचं क्षेत्रफळ सुमारे ९.४ चौरस मिलिमीटर. त्याला १२.५ नं गुणलं की ११८ न्यूटन, म्हणजे बारा किलो.

तांबं काढलेली वीतभर नळी घ्या. मधोमध २० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करा. वरचं टोक कापड लावून शिकंज्यात धरा, खालच्या टोकाला बादली अडकवा आणि मगानं पाणी घालत जा. बादलीच्या वजनासह बारा किलोच्या आत नळी तुटली तर माल कच्चा. तुटायच्या वेळी खुणांमधलं अंतर ५० मिलिमीटरच्या पुढे गेलं पाहिजे. शिकंज्याच्या तोंडाशी तुटलेला नमुना धरू नका, तो धरण्याच्या दोषानं तुटतो. प्रत्येक रंगाच्या कोरचे पाच-पाच तुकडे करा. लाल चांगला आणि निळा ठिसूळ असंही निघतं, कारण रंगाबरोबर मिश्रणाचा घाणा बदलतो.

सहावी पायरी : तापवून पुन्हा ताणा

हे घरच्या ओव्हनचं काम नाही. टाइप एचे तुकडे ८० अंशांच्या हवेच्या भट्टीत १६८ तास, म्हणजे सात दिवस ठेवायचे. त्यानंतर ताकद आणि लांबणं, दोन्हींत मूळ आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक पडू नये. ताकद वाढली तरी खूश होऊ नका. प्लॅस्टिसायझर उडून गेलं की पीव्हीसी कडक होतं, काही काळ जास्त ताण सोसतं आणि नंतर वाकवलं की तडकतं. किती उडालं ते वजनावरून कळतं : सात दिवसांत दर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागामागे २ मिलिग्रॅमच्या आत घट चालते.

सिपेट या प्लास्टिकच्या संस्थेचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. अशा चाचण्या हेही त्यांचं एक काम. पूर्ण केबलच्या विद्युत चाचण्यांसाठी वडोदऱ्याची एर्डा आणि बेंगळुरूची सीपीआरआय या जुन्या, नावाजलेल्या प्रयोगशाळा आहेत. तेवढा खर्च नको असेल तर कंपनीकडून याच बॅचचा अहवाल मागा आणि त्यात तापवण्याआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे आहेत का ते बघा. नुसतं ‘पास’ लिहिलेला कागद परत करा.

सातवी पायरी : भिजवा, आणि घाई करू नका

सगळ्या कृतीचा गाभा हा. मेगरवर काटा अनंताला टेकला की माणसं निश्चिंत होतात. पण पाच मीटरच्या कोरड्या तुकड्यावर तो टेकणारच. इन्सुलेशनचा रोध लांबीच्या उलट प्रमाणात असतो. केबल दुप्पट झाली की तो निम्मा होतो.

हिशेब मांडू. टाइप ए साठी मानकानं २७ अंशांना ३६.७ हा स्थिरांक दिलाय. बाहेरच्या व्यासाला तांब्याच्या व्यासानं भागायचं, त्याचा दशमान लॉग घ्यायचा आणि या स्थिरांकानं गुणायचं. एक किलोमीटरचे मेगाओहम मिळतात. आपल्या उदाहरणात ४ भागिले २ म्हणजे २, त्याचा लॉग ०.३०१, गुणाकार ११. म्हणून १०० मीटरला ११० मेगाओहम, आणि पाच मीटरला २,२०० च्या वर. साध्या मेगरची पट्टी तिथवर पोचतच नाही. एवढ्यासाठीच अख्खी गुंडाळी भिजवायची.

गुंडाळी पिंपात सैल सोडा, दोन्ही टोकं पाण्याबाहेर हातभर वर बांधा. पाणी बोअरचंच घ्या. टोकांशी शीथ आणि इन्सुलेशन पायरीपायरीनं सोला आणि स्पिरिटनं पुसा. तिथल्या घामट हातांच्या ओलीतूनही गळती होते आणि चांगली केबल वाईट ठरते. उघडी तांब्याची तार पाण्यात सोडा. मेगरचं एक टोक लाल कोरला. दुसरं पिवळा, निळा आणि पाण्यातली तार या तिघांना एकत्र. बरोबर एक मिनिटानं आकडा लिहा. मग पिवळा, मग निळा. प्रत्येक वाचनानंतर कोर आणि पाण्याची तार क्षणभर जोडून साठलेला भार उतरवा. पिंपातल्या केबलला घरची लाइन लावून ‘बघू या’ असं कोणी म्हटलं तर त्याला अंगणाबाहेर काढा.

प्रत्येक वेळी पाण्याचं तापमान लिहा. याच पीव्हीसीचा स्थिरांक ७० अंशांना ०.०३७ होतो, म्हणजे हजारावा हिस्सा. त्याचा अर्थ, दर सव्वाचार अंशांच्या आसपास रोध निम्मा होतो. सकाळी २७ अंशांना ११० दाखवणारी केबल दुपारी पाणी ३४ अंशांवर गेलं की ३५-३६ दाखवेल, आणि तिचं काहीही बिघडलेलं नसेल. दोन केबलींची तुलना एकाच पिंपात, एकाच वेळी करा, म्हणजे हा घोळच उरत नाही.

पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मग सातव्या दिवशी वाचन घ्या. शीथ धड असताना हिशेबाच्या वरच आकडा यायला हवा, कारण शीथचा रोधही त्यात मिळतो. सुरुवातीला थोडी घसरण होते. ती थांबली की ठीक.

सातव्या दिवशी एका टोकापासून चार मीटरवर, पाण्याखाली राहील अशा जागी, शीथला दोन इंच चीर द्या. कोरला ब्लेड लागू देऊ नका. बोअरमध्ये उतरवताना केसिंगच्या काठावर शीथ अशीच फाटते. आता पाणी शीथच्या आत शिरून कोरच्या कडेनं पुढे सरकतं आणि इन्सुलेशन एकट्याच्या बळावर उभं राहतं. आणखी आठवडाभर वाचनं घ्या. आकडा खाली येऊन हिशेबाच्या वर कुठेतरी स्थिरावला तर केबल घेण्याजोगी. दर वाचनाला उतरतच राहिला तर माल पाणी पितोय. मग आज त्याचा आकडा १५० असला आणि शेजारचीचा १२० वर थांबलेला असला, तरी मी १२० वाली घेईन. चीर दिलेला चार मीटरचा तुकडा शेवटी कापून टाकायचा. बाकी केबल वापरायला मोकळी.

प्रयोगशाळा हेच जास्त कडकपणे करते : कोर ६० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवून ३ किलोव्होल्टचा दाब देते.

आठवी पायरी : वाकवणं आणि जोड

भिजलेल्याच केबलचा शेवटचा मीटर दोन इंची पाइपाला आडवा गुंडाळा, सोडा, उलट गुंडाळा; असं दहा वेळा. मग कडेवर एकदा वाकवा, केसिंगच्या काठावर वाकते तसं. शीथ सोलून कोर भिंगाखाली बघा. पांढऱ्या रेषा दिसल्या तर तडा पुढे तिथूनच जाणार. उणे १५ अंशांना वाकवण्याचीही एक चाचणी मानकात आहे. महाबळेश्वरलासुद्धा ती गरज नाही.

जोडाची टेप इन्सुलेशनला धरते का तेही बघा. पीव्हीसीला ती बरी चिकटते. पॉलिथिनच्या जातीला चिकटपट्टी नीट धरत नाही, म्हणून एक्सएलपीई घेतलं तर जोडाला स्वतःतच एकजीव होणारी रबरी टेप आणि वरून पीव्हीसी टेप हवीच. जोडणारा माणूस ती वापरणार नसेल तर एक्सएलपीईचे जादा पैसे जोडापाशीच वाया जातात.

निवड

पाण्यात बुडालेला भाग मोठा, वरचा भाग पाइपात किंवा सावलीत आणि व्होल्टेज बऱ्यापैकी असेल तर चांगलं टाइप ए पीव्हीसी पुरतं. वाचलेले पैसे जाड तांब्यात घाला, तार कमी तापते आणि इन्सुलेशनचं आयुष्य आपोआप वाढतं. पाणी खोल जाऊन केबलचा मोठा भाग कोरडा लटकत असेल, व्होल्टेज रोज पडत असेल, वर वेटोळं राहणारच असेल, तर टाइप सी किंवा एक्सएलपीई. आणि सातव्या पायरीत नापास झालेली केबल कोणत्याही भावात नको.

मोटार खाली सोडली, केबल स्टार्टरला जोडायची बाकी आहे, अशा वेळी तिन्ही कोर जमिनीशी मेगर करा. मोटारीच्या वायंडिंगचं इन्सुलेशनही आता समांतर जोडलं गेल्यामुळे आकडा पिंपातल्यापेक्षा कमी येईल; तो, तारीख आणि पाण्याची पातळी स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. त्याच गुंडाळीचा हातभर तुकडा घरात सावलीत ठेवा. दोन वर्षांनी पंप वर काढला की खालच्या केबलचं टोक कापून हा तुकडा आणि ते, दोन्हींना एकाच बादलीनं ताणता येतं.